हातात पीआयपी पडला, आता काय आधी आणि काय नंतर?

पीआयपी (परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन) म्हणजे ‘तुमचं काम कमी पडतंय, ठराविक मुदतीत सुधारा’ असं सांगणारा कंपनीचा लेखी कागद. त्याबद्दल लोक विचारायला येतात ते बहुधा तिसऱ्या आठवड्यात. तोवर कागदावर सही झालेली असते, रात्री साडेअकराला मॅनेजरला लांबलचक ईमेल गेलेला असतो, अर्ध्या टीमला बातमी कळलेली असते, आणि ‘कामात सुधारणा दिसावी’ अशी गोलगोल उद्दिष्टं मुकाट्याने मान्य झालेली असतात. यातल्या काही गोष्टी मुळात चूक नसतात. उत्तर द्यायचंच असतं, सहीही बहुतेक वेळा करावी लागते. क्रम चुकतो, आणि तिथेच सगळं फिसकटतं.

मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. मॅनेजर म्हणून काही जणांना पीआयपी दिले, आणि एकदा मलाही मिळाला. दोन्हीकडून जे दिसलं ते पायरीपायरीने मांडतो.

१. पहिली मीटिंग : ऐका, लिहा, निघा

कॅलेंडरवर अचानक अर्ध्या तासाची मीटिंग येते, विषय ‘चर्चा’, आणि निमंत्रितांत तिसरं नाव एचआरचं. असं दिसलं की वही-पेन घेऊनच आत जा. लिहायला हात गुंतला की तोंड आवरतं, आणि त्या अर्ध्या तासात तोंड आवरण्याइतकं फायद्याचं दुसरं काही नाही.

आत बसून बाजू मांडायचा मोह प्रचंड होतो. मांडू नका. निर्णय आधीच झालेला आहे, समोरचे दोघं तयारी करून आलेत, तुम्ही एकटेच बिनतयारीचे आहात. रागात निघालेलं एखादं वाक्य (‘सगळी टीम अशीच काम करते’) पुढे तुमच्याच विरोधात टिपलेलं सापडतं.

बोलायचं तर एवढंच : ‘हे मला अनपेक्षित आहे. कागद नीट वाचून मी लेखी उत्तर देईन. उत्तरासाठी मुदत किती आहे, आणि आजच्या कागदाची प्रत मला कधी मिळेल?’

सहीचा प्रश्न इथेच येतो. सहीच्या जागेच्या वरचं वाक्य वाचा. ‘हा दस्तऐवज मला मिळाला’ असं असेल तर सही म्हणजे पोच, फारसं बिघडत नाही. ‘मला हे मान्य आहे’ असं असेल तर दोन दिवस मागा. आत्ताच सही हवी असा आग्रह झालाच, तर सहीशेजारी ‘फक्त मिळाल्याची पोच, अभिप्राय स्वतंत्र देत आहे’ असं लिहून तारीख घाला. ऑनलाइन प्रणालीत नुसतं बटण दाबायचं असेल तर आधी शेरा लिहायची चौकट शोधा, नसेल तर बटण दाबल्याबरोबर त्याच मजकुराचा ईमेल पाठवा.

इशारा : त्या खोलीत राजीनाम्याचा शब्दही काढू नका, धमकी म्हणूनसुद्धा. आणि समोरूनच ‘पीआयपी घ्या किंवा आजच राजीनामा द्या, थोडे पैसे देऊ’ असा पर्याय आला, तर तो लेखी मागा आणि विचाराला वेळ मागा. तशी मागणी करण्यात उद्धटपणा नाही. अमेरिकेत ४० वर्षं किंवा त्याहून मोठ्या कर्मचाऱ्याकडून वयाधारित भेदभावाचे दावे सोडून देणारी सही घ्यायची असेल, तर त्याला विचारासाठी किमान २१ दिवस आणि सहीनंतर माघार घ्यायला ७ दिवस द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये ॲकास (Acas) या नोकरीतले तंटे सोडवायला मदत करणाऱ्या संस्थेची आचारसंहिता अशा तडजोडीसाठी किमान १० दिवस सुचवते. इतरत्र नियम वेगळे असतील, पण ‘आत्ताच्या आत्ता सांगा’ या दडपणाला बळी पडू नका.

२. त्याच संध्याकाळी : आठवण आणि कागद

मीटिंग संपल्यावर तासाभराच्या आत, कोण काय म्हणालं ते जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. तारीख, वेळ, हजर कोण. दुसऱ्या दिवशी तुम्हाला फक्त अपमान आठवेल, शब्द विरून गेलेले असतील.

मग आपले कागद एकत्र करा : नेमणूकपत्र, मागची ॲप्रेझल पत्रं, पगारवाढीची आणि बोनसची पत्रं, कंपनीच्या धोरणातला पीआयपीचा भाग. नेमणूकपत्रात चार गोष्टी शोधा. नोटीस पिरियड किती, तो कोणाला कसा लागू. बोनस किंवा शेअर हातात पडायची पुढची तारीख कोणती. रुजू होताना मिळालेली रक्कम ठराविक काळाआधी सोडल्यास परत करावी लागते का. आणि आरोग्यविमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो की पुढे चालतो. परदेशात कामाच्या व्हिसावर असाल तर पाचवी गोष्ट : नोकरी गेल्यावर देशात किती दिवस राहता येतं.

इशारा : ऑफिसचे ईमेल, ग्राहकांच्या फायली, आतले अहवाल स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका. पुरावा जमवायच्या नादात लोक हेच करतात, आणि कंपनीला गोपनीयतेच्या भंगाचं आयतं कारण मिळतं. मग पीआयपी बाजूला राहतो आणि त्याच आठवड्यात बाहेरचा रस्ता दिसतो. ईमेल महत्त्वाचा असेल तर त्याची तारीख, विषय आणि पाठवणाऱ्याचं नाव स्वतःच्या वहीत टिपा. गरज पडली तर तो ऑफिसच्या प्रणालीतूनच दाखवता येतो. चोरून ध्वनिमुद्रण करण्याआधीही तुमच्याकडचा कायदा आणि कंपनीचा नियम बघा.

३. कागद तीन रंगांत वाचा

रात्री नुसता वाचू नका, त्याने फक्त झोप उडते. दुसऱ्या दिवशी प्रत काढा आणि तीन रंगांचे पेन घ्या. घटना एका रंगात, मतं दुसऱ्यात, अपेक्षा तिसऱ्यात. ‘१२ तारखेचा अहवाल १६ तारखेला आला’ ही घटना. ‘जबाबदारीची जाणीव कमी वाटते’ हे मत. ‘सर्व अहवाल वेळेत द्यावेत’ ही अपेक्षा.

बहुतेक पीआयपींत मतांचा रंग सर्वांत जास्त भरतो. मतांशी भांडायचं नसतं. मत कोणत्या घटनेवर उभं आहे एवढंच विचारायचं.

आता प्रत्येक घटनेपुढे लिहा : हे घडलं का, त्यात माझा वाटा किती, आणि माझ्याकडे काय नोंद आहे. इथे स्वतःशी खोटं बोललात तर पुढची प्रत्येक पायरी वाया जाते. माझ्या कागदावर सात मुद्दे होते. पाचांना मी सहज उत्तर देऊ शकत होतो आणि त्या पाचांवर मी दोन रात्री घालवल्या. उरलेल्या दोनांकडे डोळेझाक केली. काम लांबणार हे मला आठवडाभर आधी दिसत होतं आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं, दोन वेळा. मला तोलत होते ते याच दोन मुद्द्यांवर. बाकीचे पाच वजन वाढवायला घातलेले होते. हे मला चौथ्या आठवड्यात कळलं, पहिल्यात कळायला हवं होतं.

तुम्ही नुकतीच छळाची किंवा गैरव्यवहाराची तक्रार केली असेल, बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवरून परतला असाल, किंवा तब्येतीचं कारण कंपनीला आधी कळवलेलं असेल आणि पाठोपाठ हा कागद आला असेल, तर पुढे जाऊ नका. उत्तर लिहिण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. युनियन असेल तर प्रतिनिधीलाही. उत्तर गेल्यावर भेटलात तर त्यांना तुमचे शब्द निस्तरत बसावं लागतं.

४. लेखी उत्तर : एक पान, दोन रात्री

धोरणात मुदत दिली असेल ती पाळा, नसेल तर तीन-चार कामाच्या दिवसांत उत्तर द्या. मसुदा लिहून एक रात्र जाऊ द्या, दुरुस्त करा, आणखी एक रात्र जाऊ द्या. मग कंपनीबाहेरच्या एखाद्या थंड डोक्याच्या माणसाला वाचायला द्या. टीममधल्या मित्राला नको. तो कितीही जवळचा असला तरी उद्या त्यालाही तुमच्याबद्दल विचारलं जाऊ शकतं.

उत्तराचा क्रम असा ठेवा. आधी कागद मिळाल्याचा उल्लेख. मग जे खरं आहे त्याची सरळ कबुली, एका वाक्यात, गळा न काढता. त्यानंतर चुकीच्या घटनांची दुरुस्ती, तारखेसकट. शेवटी तुमच्या मागण्या. कबुली आधी का? कारण एचआरमधला माणूस पहिली चार वाक्यं वाचून ठरवतो की हा माणूस भांडायला बसलाय की काम करायला.

हे वाक्य बघा : ‘माझ्यावर जाणूनबुजून अन्याय होत आहे, अहवाल उशिरा आला त्यात माझा काहीही दोष नाही.’ आणि आता हे : ‘अहवाल १६ तारखेला गेला हे बरोबर आहे. त्यासाठी लागणारे आकडे मला १५ तारखेच्या दुपारी मिळाले, तो ईमेल प्रणालीत आहे. उशीर होणार हे मी १२ च्या आधी कळवायला हवं होतं, इथून पुढे कळवेन.’ दुसऱ्यात कुठेही आवाज चढलेला नाही आणि तरी दोष जिथे होता तिथे जाऊन पडला आहे.

तपासा : उत्तरात मॅनेजरच्या स्वभावाबद्दल एकही विशेषण नको. सहकाऱ्याशी तुलना नको. घरच्या अडचणी, त्या कितीही खऱ्या असल्या तरी, फक्त सवलत मागायची असेल तरच. ‘वडिलांच्या उपचारांसाठी पुढचे सहा आठवडे मंगळवारी दुपारनंतर उपलब्ध नसेन’ हे चालतं. ‘मी सध्या फार तणावात आहे’ एवढंच लिहून सोडलंत तर वाचणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही.

५. उद्दिष्टं मोजता येतील अशी करून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पीआयपीचा कालावधी साधारण ३०, ६० किंवा ९० दिवसांचा असतो. पहिला आठवडा गेला की उद्दिष्टांची भाषा बदलायला कोणी तयार होत नाही, म्हणून लेखी उत्तराबरोबरच भेटीची वेळ मागा.

प्रत्येक उद्दिष्टाला पाच प्रश्न लावा. नेमकं काय करायचं? किती? कधीपर्यंत? झालं की नाही हे कोण ठरवणार? आणि त्यासाठी मला कोणाकडून काय लागेल?

समजा कागदावर ‘कामाचा दर्जा सुधारावा’ असं आहे. हे उद्दिष्ट कोणीच पुरं करू शकत नाही, कारण ते पुरं कधी झालं हे ठरतच नाही. त्याच्या जागी तुम्हीच मजकूर सुचवा : ‘दर आठवड्याचा अहवाल गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत पाठवणे. आकड्यांतल्या चुकीमुळे परत येणारे अहवाल संपूर्ण कालावधीत दोनपेक्षा जास्त नसावेत. तपासणी मॅनेजर शुक्रवारी करतील.’ मॅनेजरला कोरा कागद देऊन ‘तुम्हीच सांगा’ म्हटलंत तर तो पुन्हा गोल लिहील. वाईट हेतू असेलच असं नाही, त्याच्यावरही दहा कामं असतात. तयार मजकूर समोर ठेवला की तो दोन शब्द बदलून हो म्हणतो. मी स्वतः मॅनेजर म्हणून कितीदा असं केलंय!

‘संवाद सुधारावा’ हे याहून अवघड. पण तेही उलगडतं : कोणाशी, कोणत्या माध्यमातून, काय घडलं तर सुधारला म्हणायचं? उदाहरणार्थ, ‘काम दोन दिवसांपेक्षा जास्त लांबणार असेल तर ते दिसल्याच्या दिवशी ईमेलने कळवणे.’ एवढं झालं की ते मोजता येतं.

काही सापळे ओळखून ठेवा. ‘एकही चूक होऊ नये’ हे उद्दिष्ट पहिल्याच दिवशी मोडतं. दुसऱ्या विभागाच्या मंजुरीवर अवलंबून असलेलं उद्दिष्ट तुमच्या हातात नाही, तुमचा भाग कुठे संपतो ते लिहून घ्या. तुमच्या पातळीवरच्या इतरांना हाच मापदंड आहे का, हे शांतपणे विचारा. आणि हमखास विसरला जाणारा प्रश्न म्हणजे नवीन उद्दिष्टं आली तर जुन्या कामातलं काय कमी होणार? पीआयपीचं काम नेहमीच्या कामावर चढवलं की दोन्ही कोसळतात. आधी मंजूर झालेली रजा मध्ये येत असेल तर तितके दिवस मुदत वाढवून मागा.

बदल तोंडी मान्य झाले आणि कागद तसाच राहिला, असं सर्रास होतं. मग त्याच दिवशी ईमेल टाका : ‘आजच्या चर्चेनंतर दुसऱ्या उद्दिष्टाबद्दल माझी समज पुढीलप्रमाणे आहे. यात काही चुकत असेल तर कृपया बुधवारपर्यंत कळवावं.’ उत्तर आलं नाही म्हणून ते मान्य झालं असं होत नाही. पण तुम्ही स्पष्ट विचारलं होतं याची तारखेसकट नोंद राहते.

६. दर आठवड्याचा शिरस्ता

रोज संध्याकाळी दहा मिनिटं नोंद : आज कोणत्या उद्दिष्टाचं काय झालं, कशाची वाट पाहतोय. बास.

मॅनेजरबरोबरच्या आठवड्याच्या रिव्ह्यूच्या, म्हणजे आढावा मीटिंगच्या, आदल्या दिवशी छोटा ईमेल, प्रत्येक उद्दिष्टाला दोन ओळी. मॅनेजर रिकाम्या हाताने आला तर मीटिंग त्याच्या मनातल्या भावनेवर चालते, तुमचा ईमेल वाचून आला तर आकड्यांवर चालते. मीटिंगमध्ये शेवटी न चुकता एक प्रश्न विचारा : ‘पीआयपी आज संपत असता तर तुमचा निर्णय काय असता, आणि कशामुळे?’ तो चाचरला तरी विचारा. आलेलं उत्तर त्याच दिवशी ईमेलमध्ये लिहून त्याला पाठवा.

मॅनेजरने रिव्ह्यू रद्द केला की हायसं वाटतं. वाटू देऊ नका. रद्द झालेला प्रत्येक रिव्ह्यू म्हणजे शेवटी ‘प्रगती दिसली नाही’ म्हणायला मोकळी जागा. लगेच दुसरी वेळ सुचवा, लेखी.

दुसरी चूक म्हणजे रोज चौदा तास राबणं. थकवा आला की चुका वाढतात, आणि नेमक्या मोजल्या जाणाऱ्या कामात वाढतात. जे मोजलं जातंय ते आधी करा, बाकीचं पुरेसं चांगलं झालं तरी चालेल.

७. निम्मा काळ सरला की वारा कुठला ते बघा

पीआयपी दोन प्रकारचे असतात. काहींचा हेतू खरोखर सुधारणेचा असतो, काही नुसते फाइल भरायला असतात. पहिल्या दिवशी फरक कळत नाही, निम्म्यावर बऱ्यापैकी कळतो.

रिव्ह्यू वेळेवर होतात, मॅनेजर नेमकं सांगतो, मागितलेली मदत मिळते, पुढच्या तिमाहीच्या कामात तुमचं नाव येतं : जागा शिल्लक आहे. उलट उद्दिष्टं पुरी होताहेत तरी दर आठवड्याला नवीन तक्रार निघते, तुमची कामं गुपचूप दुसऱ्याकडे जातात, ‘जरा सगळं लिहून ठेवा, कोणालाही कळेल असं’ अशी सूचना येते. ही शेवटची सूचना म्हणजे हँडओव्हर, तुमचं काम दुसऱ्याकडे सोपवायची तयारी. तिचं दुसरं नाव नाही.

नवी नोकरी शोधायला मात्र निम्म्यापर्यंत थांबायचं नाही. पहिल्याच आठवड्यात बायोडेटा अद्ययावत करा आणि दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांशी बोला. पीआयपीमधून सुखरूप बाहेर आलात तर बायोडेटा काही वाया जात नाही. हे सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर आणि फोनवर करा, ऑफिसच्या यंत्रावर अजिबात नको. मुलाखतीत नोकरी का बदलताय असं विचारलं तर खोटं बोलायची गरज नाही आणि पीआयपीची कहाणी सांगायचीही नाही. ‘या भूमिकेत अपेक्षा बदलल्या, मला अमुक प्रकारचं काम हवं आहे’ एवढं पुरतं, जर ते खरं असेल तर.

जायचंच ठरलं तर बोलणी मुदत संपायच्या आधी सुरू करा. शेवटच्या आठवड्यात कंपनीला तुमच्याशी तडजोड करायची घाई उरत नाही. पण राजीनामा देण्याआधी एक गोष्ट शोधून काढा : काही देशांत स्वतःहून सोडलं तर बेरोजगार भत्ता किंवा भरपाई मिळत नाही, काढलं तर मिळते. रागाच्या एका ओळीने ते गमावू नका.

८. शेवटची मीटिंग

तीनपैकी एक निकाल येतो.

पास झालात तर ‘पीआयपी यशस्वीरीत्या बंद’ असं लेखी घ्या. तोंडी ‘चांगलं झालं’ पुरेसं नाही. पुढचे काही महिने हीच पातळी टिकली नाही तर नवीन पीआयपी न देता थेट कारवाई, असं कलम बऱ्याच कागदांत असतं. ते किती महिने लागू आहे ते विचारा आणि तोवर रोजची नोंद चालू ठेवा.

मुदत वाढली तर नवी तारीख, कोणतं उद्दिष्ट उरलंय आणि पूर्ण झालेली उद्दिष्टं बंद झाली का, हे तिन्ही लेखी घ्या. नाहीतर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

बाहेर पडावं लागलं तर पुन्हा पहिल्या पायरीचाच नियम, त्याच खोलीत सही नको. कागद घरी आणा आणि या गोष्टी बघा : शेवटचा दिवस, नोटीसचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, बोनस, विम्याची तारीख, पुढचं काम घेण्यावर बंधन आहे का, आणि नोंद ‘राजीनामा’ अशी होणार की ‘सेवा समाप्त’ अशी. पुढची कंपनी चौकशी करेल तेव्हा एचआर काय सांगणार, तेही लिहून मागा. बऱ्याच कंपन्या फक्त हुद्दा आणि तारखा सांगायला तयार होतात, आणि तुम्हाला तेवढंच हवं असतं.

लॅपटॉप परत करण्याआधी तुमचे घरगुती फोटो, बँकेचे पासवर्ड, खासगी ईमेलचं लॉगिन तिथून काढा. ऑफिसच्या फायलींना मात्र हात लावू नका, एकही पुसू नका. परत केल्याची पावती घ्या, त्यावर यंत्राचा क्रमांक आणि तारीख आहे ना ते तिथेच उभं राहून बघा.